लगडीच्या पोटात

रंगराव देवकरांनी दुधाची फॅट मोजणाऱ्या हणमंताचा उजवा हात डेअरीच्या ओट्यावर दाबून धरला आणि वरून हातोडा घातला, तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि अर्धी खडकेवाडी किटल्या घेऊन रांगेत उभी होती. पहिल्या घावाला बोटं मोडली. दुसऱ्याला पंजा. तिसरा पडायच्या आतच हणमंत शुद्ध हरपून दुधाच्या कॅनवर आडवा झाला, कॅन कलंडला आणि दूध गटाराकडं वाहायला लागलं.

“काढ आता फॅट,” रंगराव आबा म्हणाले. हातोडा त्यांनी धोतराला पुसला आणि घराकडं चालू लागले.

मध्ये कुणी पडलं नाही. रंगराव आबांना आडवं जायची गावात कुणाची टाप नव्हती, आणि खरं सांगायचं तर काय झालंय ते पाहायची सगळ्यांना हौसही होती. असली हौस माणसाला फार.

तसे आबा दांडगाई करत हिंडणारे नव्हेत. चाळीस वर्षं त्यांनी कोइमतूरला गलाईचं दुकान चालवलं. विट्याच्या आसपासच्या गावांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलीत. परमुलखात जायचं, सराफांकडचं जुनं, भेसळीचं सोनं मुशीत वितळवायचं आणि शुद्ध करून द्यायचं. आबांनी ओतीव सोन्याच्या लगडीचा कस सांगितला की कोइमतूरचे सराफ पुढं बोलत नसत. म्हातारपणी दुकान लेकाच्या, धैर्यशीलच्या, हाती देऊन ते गावी परतले. पाठोपाठ बायको गेली. घरात उरले आबा आणि सून मयूरी. रोज सकाळी मयूरी त्यांच्या पोटाला इन्सुलिन टोचायची, मग भाकरी करायची. “सून कसली, माझी आई हाय ती,” असं आबा पाव्हण्यारावळ्यांना सांगायचे. त्याच सुनेला त्यांनी आज पहाटे दोन थोबाडीत मारल्या होत्या. दुसरीला तिचं कपाळ चौकटीवर आपटून फुटलं होतं. मग तिला धान्याच्या खोलीत कोंडून, बाहेरून कडी घालून ते डेअरीवर आले होते.

याचं मूळ आदल्या दिवशीच्या एका कागदात होतं.

धैर्यशीलला एचआयव्ही होता, लग्नाच्या आधीपासून. लपवाछपवी अजिबात नव्हती. आबांनी स्वतः आटपाडीला जाऊन मयूरीच्या आईबापासमोर सांगितलं होतं. मयूरीनं डॉक्टरांना नीट विचारून घेतलं आणि मगच होकार दिला. रोजच्या गोळ्या चालू आहेत, रक्तात विषाणू सापडत नाही, तेव्हा बायकोला लागण होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि ते खरंच होतं. गोळ्या घेणाऱ्या हजारो जोडप्यांत ते वर्षानुवर्षं खरं ठरलं होतं.

मग दोन वर्षांपूर्वी गोळ्या जाऊन काडी आली. दंडाच्या कातडीखाली बसवायची. ती वर्षभर थोडंथोडं औषध सोडते आणि तिथल्या तिथं रक्त तपासत राहते. रक्तात विषाणू नसला की कातडीतून हिरवा ठिपका चमकतो. धैर्यशील सुट्टीला आला की बाही वर करून चारचौघांत तो ठिपका दाखवायचा. आबांनाही त्याचा कोण अभिमान.

यंदा मयूरीला दिवस गेले. तिसऱ्या महिन्यात रीतीप्रमाणे रक्त तपासलं, तर तिच्या रक्तात विषाणू निघाला.

धैर्यशीलचा दंड तर हिरवा. मग तिला आला कुठून? तोच फोनवर म्हणाला, “हेळव्याला विचारा.”

आपल्याकडं हेळवी येतात आणि घराण्याच्या दहा-दहा पिढ्या घडाघडा म्हणून दाखवतात. गावोगावच्या तपासणी केंद्रांत नवं यंत्र आलं तेव्हा लोकांनी त्याला तेच नाव ठेवलं, कारण ते विषाणूची वंशावळ सांगायचं. विषाणू स्वतःच्या प्रती काढतो आणि काढताना चुका करतो. चुका पुढच्या पिढीत उतरतात, तिथं नव्यांची भर पडते. दोन माणसांच्या अंगातल्या विषाणूंच्या चुका ताडून पाहिल्या की कोण कुणाच्या वंशातला हे कळतं. कोर्टं हा कागद मानायची. गावकी तर कोर्टाच्याही आधी मानायची.

केंद्रात धैर्यशीलचं रक्त साठवलेलं होतं. त्यात मोकळा विषाणू नसला, तरी पेशींत दडून बसलेल्याचा ठसा हेळव्याला पुरायचा. हेळव्यानं ते मयूरीच्या रक्ताशी ताडलं आणि कागदावर दोनच शब्द आले. ‘जुळत नाही.’

“आबा, माझा ठिपका हिरवा हाय,” धैर्यशील कोइमतूरहून म्हणाला. “पोरगं कुणाचं ते तुम्हीच हुडका. मी निघालोय.”

हुडकायला आबांना फार लांब जावं लागलं नाही. मयूरी तपासणीला दोनदा हणमंताच्या दुधाच्या टेम्पोतून गेली होती. एसटीत धक्के खाऊ नकोस, हणमंताबरोबर जा, असं तिला आबांनीच बजावलं होतं. पण रागाच्या भरात माणसाला आपलं बोललेलं बरोबर आठवत नाही. बाकी सगळं आठवतं.

अकराच्या सुमाराला डॉक्टर शबाना मुलाणींची गाडी दारात येऊन थांबली. तालुक्याच्या त्या केंद्राच्या प्रमुख. चाळिशीची बाई, बोलणं सरळ. अंगावरच्या पांढऱ्या कोटाच्या बाहीला रक्त लागलेलं.

आबा ओसरीवर बसले होते. हातोडा मांडीवर.

“आबा, मयूरीला न्यायला आलेय. दार उघडा.”

“बाई, घरातला मामला हाय. तुमी यात पडू नका. कागदावर सही तुमचीच हाय न्हवं?”

“माझीच आहे. म्हणून तर आलेय.” ती पायरीशी उभी राहिली. “हणमंताचा हात मीच बांधला. तीन बोटं जातील. पोलिसांना त्यानं काय सांगितलं माहितेय? टेम्पोच्या फळीत सापडला म्हणे. खरं सांगितलं आणि पोलीस इथं आले, तर त्यांच्या आधी तुम्ही आत मयूरीचा जीव घ्याल, अशी भीती आहे त्याला.”

आबांनी हातोड्याचा दांडा मुठीत आवळला.

“तिला आज गोळ्या सुरू केल्या तर बाळाला लागण होणार नाही. सहा महिने हाताशी आहेत, पण एक दिवसही वाया घालवायचा नाही. कोंडून ठेवलंत तर दोघंही जातील.”

“कुणाचं बाळ?” आबा गरजले आणि उठलेच. हातोडा वर गेला. डॉक्टरीण जागची हलली नाही. हातोडा तिच्या खांद्याशेजारून जाऊन ओसरीच्या खांबावर बसला आणि लाकडाची ढलपी उडून तिच्या गालाला लागली. गालावरून रक्ताची धार आली.

आतून मयूरी दारावर धडका देत होती. “आबा, त्यांना मारू नका. आबा, ऐका माझं.”

डॉक्टरणीनं गाल पुसला. “कागद खोटा नाही. मयूरीतला विषाणू धैर्यशीलच्या रक्तातल्या विषाणूशी जुळत नाही, हे खरं आहे. पण कागद तेवढंच सांगतो. रक्ताशी जुळत नाही.”

आबांचा पुन्हा वर गेलेला हात मध्येच थांबला.

“रक्ताशी म्हंजे?” ते म्हणाले. “नमुना कुठनं काढला तुमी?”

“दंडातून. शिरेतून.”

आबांनी हात खाली घेतला.

ते एकोणीस वर्षांचे असताना, वस्तादाच्या दुकानात नवे असताना, एक जण सोन्याची लगड घेऊन आला होता. आबांनी ती कसोटीच्या दगडावर घासली. रेघ पिवळीधमक उमटली, आम्लानंही हलली नाही. त्यांनी कस सांगून टाकला, अगदी ऐटीत. वस्तादानं लगड करवतीनं मधोमध कापली तर आत निव्वळ तांबं, वर नखाइतका सोन्याचा थर. वस्तादानं भर दुकानात आबांच्या कानशिलात लगावली. नमुना कुठून काढलास, एवढंच विचारलं. पुढच्या चाळीस वर्षांत आबांनी पोट चिरल्याशिवाय एकाही लगडीचा कस सांगितला नाही. आणि सुनेचा सांगितला, वरच्या रेघेवरून.

“नीट सांगा,” आबा म्हणाले. “मला समजंल असं सांगा.”

डॉक्टरीण पायरीवर बसली. “पुरुषाच्या शरीरात वीर्य जिथं तयार होतं, तो भाग रक्तापासून थोडा वेगळा राखलेला असतो. मध्ये एक पडदा आहे म्हणा. रक्तातलं सगळंच पलीकडं जात नाही. जुन्या गोळ्यांचं औषध पुरेसं जायचं, म्हणून कधी अडचण आली नाही. या काडीचं औषध तिथं पातळ पोचतं. एरवी तेवढंही चालून जातं. पण त्या माणसाला परमा झाला तर?”

परमा हा शब्द आबांना माहीत होता. परमुलखात एकट्या राहणाऱ्या माणसांच्या खोल्यांतून या गुप्तरोगाचं नाव हळू आवाजात घेतलं जायचं.

“परम्यानं तिथं सूज येते, पू होतो. त्याच्याशी लढायला शरीर आपल्या पेशी तिकडं धाडतं. आणि एचआयव्ही नेमका त्याच पेशींत वाढतो. म्हणजे दबून बसलेल्या विषाणूला आपण घरपोच खाऊ पोचवला. वरून औषध पातळ. मेला तर नाहीच, उलट त्या औषधाला सरावला. वर्ष-दीड वर्ष तिथंच वाढला, तर त्याची शाखा रक्तातल्या विषाणूहून इतकी वेगळी होते की हेळवी तिला ओळखत नाही. ठिपका रक्त बघतो. तो हिरवाच राहतो.”

“मग तिथला नमुना का न्हाई घेतला?”

“सगळे रक्त घेतात, म्हणून मीही घेतलं. विचार केला नाही. माझी चूक आहे, आबा. आणि हे सगळं अजून माझा अंदाजच आहे. धैर्यशीलनं वीर्याचा नमुना दिला तर चार तासांत कळेल.”

आबांनी हातोडा पायाशी ठेवला. मग म्हणाले, “पोरगा दुपारच्याला पोचंल. त्याला इचारतो. तंवर कडी निघायची न्हाई.”

“मग मीही हलत नाही,” असं म्हणून ती तिथंच पायरीवर बसून राहिली. तहान लागली तरी तिनं त्या घरात पाणी मागितलं नाही.

धैर्यशील आला तो वादळासारखा. बॅग अंगणात फेकली, कमरेचा पट्टा ओढून हातात गुंडाळला. “कुठंय ती?”

“थांब,” आबा म्हणाले. “तुला कधी परमा झालता का?”

धैर्यशीलचा चेहरा पांढरा पडला आणि लगेच लाल झाला. “काय बोलताय आबा? बापानं लेकाला इचारायची गोष्ट हाय व्हय ही?”

“डॉक्टरीणबाईंना तुझा नमुना पायजे. रक्ताचा न्हाई. दुसरा. देऊन टाक, विषय संपला.”

“मी न्हाई देणार.” त्यानं बाही वर ओढली. दंडावर ठिपका हिरवागार. “हे दिसत न्हाई का? आणि काय बघायचंय? मलाच चोर ठरवताय?”

चाळीस वर्षं आबांच्या दुकानात माणसं लगडी घेऊन येत होती. चोख माल आणणारा स्वतःच म्हणायचा, कापा मालक, बिनधास्त कापा. करवत काढली की लगड मागं ओढून घेणारे वेगळे. त्यांच्या मालाचा कस आबा न कापताच जाणायचे. आज लेकानं बाही खाली ओढली, त्यात आबांना तेच ओढणं दिसलं. कळायचं ते कळलं होतं.

“धैर्या,” ते म्हणाले, “पट्टा खाली ठेव.”

पण तो ऐकायच्या पलीकडं गेला होता. ज्याचं बिंग फुटायला आलेलं असतं तो सगळ्यात जोरात मारतो. त्यानं कडी काढली, मयूरीला केसांना धरून फरफटत अंगणात आणली. पट्ट्याचं पितळी बक्कल तिच्या पाठीवर, मानेवर, कानावर बसत होतं. ती ओरडत नव्हती. दोन्ही हात पोटावर घट्ट धरून गुडघ्यांत मुडपून पडली होती. डॉक्टरीण मध्ये शिरली, तिला त्यानं एका धक्क्यात तुळशीकट्ट्यावर आपटलं. मग त्यानं पाय मागं नेला. लाथ मयूरीच्या मांडीवर बसली. पोट चार बोटांनी चुकलं. त्यानं पाय पुन्हा मागं नेला, या वेळी नेम धरून.

आबांनी हातोडा घातला तो त्याच्या टेकलेल्या पायाच्या गुडघ्यावर. वाटी फुटल्याचा आवाज झाला. धैर्यशील कोसळला, मातीत तोंड खुपसून गुरासारखा ओरडायला लागला. आबांनी हातोडा विहिरीकडं भिरकावला, पण तो विहिरीच्या कठड्याला आपटून अंगणातच पडला.

“उचला हिला,” ते डॉक्टरणीला म्हणाले. “गाडीत घाला. मग ह्याला बघा.”

बाळाचे ठोके नीट होते. मयूरीला त्याच दुपारी गोळ्या सुरू झाल्या. धैर्यशीलच्या गुडघ्यात सळ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी आबा डॉक्टरणीच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले. “आता काय तो हलू शकत न्हाई. घ्या नमुना.”

“तुमच्या धाकानं मी कुणाचा नमुना घेणार नाही,” ती म्हणाली. गालावर टाके, हात गळ्यात बांधलेला. “तो स्वतः हो म्हणाला तरच. आधीच माझ्या एका कागदानं एवढं झालंय.”

दारात मयूरी उभी होती. एक डोळा सुजून बंद झालेला, कानाला पट्टी. भिंत धरत ती धैर्यशीलच्या खाटेपाशी गेली. त्यानं तोंड फिरवलं.

“मी तुमचा आजार माहीत असून आले,” ती म्हणाली. “तुम्ही खरं बोलला होतात, मला तेवढं पुरलं. मी तेव्हा कुठलं यंत्र मागितलं नव्हतं.”

त्यानं पांघरूण तोंडावर ओढलं.

“माझ्यासाठी देऊ नका. हणमंतभाऊंची बोटं गेली. त्यांच्यासाठी द्या.”

धैर्यशीलनं पांघरूण खाली घेतलं. मग रडायला लागला, आणि रडता रडताच सगळं बाहेर आलं. कोइमतूरला एक बाई. दीड वर्षात तीन वेळा परमा. प्रत्येक वेळी दुकानातून कसल्याशा गोळ्या घेऊन दाबलेला. डॉक्टरला सांगितलं तर गावी कळेल म्हणून सांगितलं नाही. गावी आला तेव्हा जळजळ होतीच. त्यानं कागदावर सही केली आणि नमुना दिला.

हेळव्यानं चार तास घेतले. कागदावर या वेळी एकच शब्द होता. ‘जुळते.’ मयूरीच्या अंगातला विषाणू धैर्यशीलच्या वीर्यातल्या विषाणूचाच वंश होता. रक्तात त्याचा मागमूस नव्हता. खाटेवर पडलेल्या धैर्यशीलच्या दंडावर ठिपका अजून हिरवाच होता.

आबा मयूरीच्या खोलीत गेले. टोपी काढून हातात धरली. “पोरी, चल घरी. तुझं घर हाय ते. ह्याला मी उंबरा वलांडू द्यायचो न्हाई.”

मयूरीची आई आटपाडीहून आली होती, पिशवी भरत होती. मयूरीनं आबांकडं एका डोळ्यानं पाहिलं.

“आबा, त्यांचं मला कळलं. ते घाबरले होते. तुम्हाला कशाची भीती होती?”

आबांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

“इन्सुलिन फ्रीजच्या दारात आहे,” ती म्हणाली. “कातडी चिमटीत धरून टोचा. रोज जागा बदला.” आणि ती आईचा हात धरून उठली.

दहा दिवसांनी, सकाळी साडेसातला, आबा डेअरीवर आले. रांग तीच होती, माणसंही तीच. हणमंत कामावर परतला होता. उजवा हात पांढऱ्या गाठोड्यासारखा गळ्यात, डाव्या हातानं वेडेवाकडे आकडे लिहीत होता. आबांच्या हातात हातोडा दिसला तशी रांग मागं सरकली.

आबा ओट्यापाशी थांबले. त्यांनी दोन्ही कागद खिशातून काढून ओट्यावर ठेवले.

“ऐका,” ते म्हणाले. “माझ्या सुनंत काय खोट नव्हती. ह्या पोरात नव्हती. खोट माझ्या लेकात होती. आणि मी चाळीस वर्षं सोनं पारखणारा माणूस, मी न कापता कस सांगितला. समद्यांच्या देखत मारलं म्हणून समद्यांच्या देखत सांगतो. इथनं मी पोलिसात जाणार हाय. काय घडलं ते सांगणार हाय.”

रांगेतल्या एकानं किटली खाली ठेवली.

त्यांनी आपला उजवा हात ओट्यावर पालथा ठेवला. बरोबर त्याच जागी, जिथं सिमेंटला टवका गेला होता. दुसऱ्या हातानं हातोडा हणमंतापुढं सरकवला.

“घाल,” ते म्हणाले. “मी हात काढणार न्हाई.”

हणमंतानं हातोड्याकडं पाहिलं. मग गळ्यातल्या गाठोड्याकडं.

“कुठल्या हातानं धरू, आबा?”

आबांचा हात ओट्यावर तसाच राहिला. रांगेतल्या पहिल्या माणसानं आपली किटली पुढं केली आणि हणमंतानं ती डाव्या हातानं घेतली. दूध सांडू नये म्हणून त्याला ती ओट्यावर टेकवावी लागली, आबांच्या बोटांच्या शेजारी.